नकाशातली खोली

पायाचा दुसरा चर निम्मा खणून झाला होता, तेवढ्यात महापालिकेची जीप मळ्यात शिरली. उतरलेल्या साहेबांनी चरात डोकावलं आणि धनराजच्या हातात नोटीस ठेवली.

“काम बंद करा. परवानगी नाही.”

“माझ्या बापाचा मळा हाय, साहेब. इथं घर बांधायला परवानगी कुणाची?”

“लेखी तक्रार आली आहे.”

“कुणाची?”

“ते सांगता येत नाही,” म्हणत साहेब जीपमध्ये बसलेसुद्धा.

धनराजला ते नाव कुणी सांगायची गरजही नव्हती. शेजारच्या गोटीरामशी बांधावरून त्याचं तीन वर्षांपासून वाजलेलं होतं. त्याने बांधावर उभं राहून गोटीरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गोटीराम कोबीला पाणी देत होता. त्याने मान वर केली नाही, म्हणून धनराजची खात्रीच पटली.

गंगापूर रोडपासून आत, शेवंती आणि झेंडूचा हा मळा. साल १९९७. चहूबाजूंनी बंगले उठत होते आणि मळेवाले अजून स्वतःला गावातलेच समजत होते. वडील मल्हारी वारल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली, धनराजचं आणि त्याची थोरली बहीण सुवर्णा हिचं. सुवर्णा घोटीला दिलेली. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती आपली भांडी उचलून परत आली आणि चार वर्षं विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत राहत होती. फुलं तोडायची, बाजारात विकायची, कुणापुढे हात पसरायची नाही.

नवा पाया नेमका त्या खोलीवरून जात होता.

“ताई, खोली पाडावी लागंल,” धनराजने तिला आधीच सांगितलं होतं. “घोटीला निरोप धाडलाय. दाजी ठेवून घेतील तुला.”

“ठेवून घ्यायला मी काय सामान हाय? मी इथून हालणार नाय.”

म्हणून नोटीस आल्यावर धनराजने तिलाही विचारलं, “अर्ज तू केलास?”

“केला असता तर तुझ्या तोंडावर सांगून केला असता.”

हे मात्र त्याला पटलं. ताईला लपवाछपवी कधी जमलीच नव्हती.

नकाशे काढणाऱ्या देवरामभाऊंनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. महापालिका होऊन पंधरा वर्षं झाली, मळा आता शहरात आहे. आधी मोजणी, मग बिनशेतीचा आदेश, मग नकाशा. चारही बाजूंनी मोकळी जागा सोडायची, जोतं झालं की तपासून घ्यायचं.

“आणि सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या,” ते म्हणाले. “बहिणीच्या संमतीशिवाय फाईल हलणार नाही. नाहीतर हक्कसोड करून घे.”

हक्कसोड म्हणजे बहिणीने माहेरच्या जमिनीवरचं आपलं नाव काढून देणं. भाऊ साडी घेतो, बहीण सही करते आणि माहेर तुटलं नाही म्हणून समाधान मानते. याला माया म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

धनराज साडी घेऊन विहिरीवर गेला. सुवर्णाने घडीही न मोडता साडी परत दिली.

“हक्कसोड नाय. संमती देते. पण नकाशात माझी खोली काढायची. वेगळ्या दाराची.”

“नाय काढली तर?”

“तर घर नाय.”

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. सरिता भाकरी थापत होती. नणंद-भावजयींचं बोलणं कामापुरतंच असे. आपली बायको तरी आपल्या बाजूची आहे, याचा धनराजला मोठा आधार वाटायचा.

“तुझं काय म्हणणं?”

“मी काय म्हणणार? एकदा कागदावर आली की ती खोली कुणाला पाडता यायची नाय, एवढं ध्यानात ठेवा.”

“तेच तर मी म्हणतोय.”

“पण बिनपरवानगीच्या घरात मी यायची नाय. उद्या पाडलं तर जायचं कुठं?” तिने भाकरी उलटली.

धनराज चिडला. कचेरी बंद म्हणून त्याने रविवारी गुपचूप गवंडी लावले. सोमवारी दहाच्या ठोक्याला जीप हजर. पुन्हा नोटीस, वर खटल्याची धमकी.

“मी नाय रं बाबा,” गोटीराम बांधावरून म्हणाला. धनराजने त्याच्याकडे पाहून थुंकून दाखवलं.

शेवटी तो नमला. देवरामभाऊंनी पूर्वेला एक खोली काढली, तिला वेगळं दार दिलं आणि आत सुवर्णाचं नाव लिहिलं. सुवर्णाने नकाशा उलटसुलट करून पाहिला, बोटाने दार शोधलं आणि मगच सही केली. तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी बाजारात तिने उरलेली शेवंती तशीच वाटून टाकली.

सात महिन्यांनी महापालिकेतून निरोप आला. परवानगी मंजूर झाली आहे, दोन्ही मालकांनी यावं. तक्रारदारालाही जबाबासाठी बोलावलं आहे.

“आता त्या गोटीरामचं तोंड बघतो,” धनराज म्हणाला.

“मीबी येते,” सरिता म्हणाली.

तिघं कचेरीतल्या बाकावर बसली. धनराज आणि सुवर्णाच्या सह्या झाल्या. दोघं पुन्हा जागेवर येऊन बसली. कारकुनाने फाईलचं पान उलटलं.

“आता तेवढी तक्रार निकाली काढू. तक्रारदार आलेत का?”

धनराज बाह्या सरसावून दाराकडे वळून बसला. दारात कुणीच नव्हतं. शेजारून काकणं वाजली. सरिताने पदर खोचला, उठून टेबलापाशी गेली आणि कारकुनाला म्हणाली, “आधी मंजूर नकाशा दाखवा. ताईंची खोली बघते, मग तक्रार मागं घेते.”