बसकी खुर्ची

"करवत खाली ठेव."

मयुरीचा हात जागीच थिजला. करवतीचे दाते खुर्चीच्या पायाला नुकतेच टेकले होते. दारात सासूबाई उभ्या होत्या. विहारातली वंदना आटोपून कमलाबाई एरवी दुपार कलल्यावर परतत. आज त्या लवकर आल्या होत्या.

पिपरी मेघेच्या त्या घरात या खुर्चीला हात लावण्याची कोणालाही मुभा नव्हती. ती दिवंगत प्रेमदास मास्तरांची. सागवानी, भक्कम, पण चारही पाय वीतभर आखूड. 'बाबांना जमिनीलगत बसायची सवय होती, म्हणून त्यांनी ती बसकी करून घेतली,' असे मयुरीला तिच्या नवऱ्याने, रुपेशने, लग्नानंतर सांगितले होते. त्यालाही तेवढेच ठाऊक होते. कमलाबाई ती खुर्ची रोज स्वतः पुसत, पण तिच्यावर कधी बसत नसत. दुरुस्तीची गोष्ट काढणाऱ्या सुताराला त्यांनी फाटकातूनच परत पाठवले होते.

हे सारे माहीत असूनही मयुरीने धाडस केले होते. परवा मास्तरांचा स्मृतिदिन होता. तसबिरीखाली खुर्ची नव्यासारखी उभी राहिली, तर सासूबाई एकदा तरी आपल्याकडे मायेने पाहतील, असे तिला वाटले होते. लग्न जातीबाहेरचे. बोलणीच्या वेळी कमलाबाईंनी तिच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला होता, "गाव सिंदीजवळचं म्हणता. तुमच्या वडलांचं नाव काय?" मधुकरराव, हे उत्तर ऐकून त्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि मग 'चालते' एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून त्या सुनेशी कामापुरतेच बोलत.

मयुरीने खुर्ची पोत्यावर उलटी ठेवली होती. पॉलिश पेपरने घासून जुना काळपट थर उतरवला होता. लाकूड कापणाऱ्या आरामशीनवरून पायांसाठी सागाचे चार तुकडेही कापून आणले होते. उरले होते ते पायांचे वेडेवाकडे काप सरळ करणे.

"आई, खालून तिरपे कापले हायेत. सरळ केल्याबिगर नवे तुकडे बसत नाईत."

"किती कापलं?"

"कापलं नाई अजून. टेकवलीच होती."

कमलाबाईंनी चारही पायांची टोके बोटांनी चाचपली. मग त्या आतल्या खोलीत गेल्या. लोखंडी पेटीचे झाकण वाजले. मयुरीने करवत भिंतीकडे सरकवली. या घरातले आपले दिवस आता संपले, असे तिच्या मनाने घेतले.

कमलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्याचे गाठोडे होते. त्यांनी गाठ सोडली. आत सागाचे चार काळे तुकडे होते. त्यांची वरची टोके तिरपी होती. जराही न अडखळता त्यांनी एकेक तुकडा ज्या त्या पायापुढे मांडला.

"तवा आमी सिंदीजवळच्या गावात राहो. तुह्या सासऱ्यानं नोकरी लागल्यावर हे खुर्ची आणली अन् अंगणात टाकून बसले. रस्त्यानं जाणाऱ्या मोठ्या माणसापुढं उंच दिसले म्हणे. दुसऱ्या दिवशी तो माणूस चार गडी अन् करवत घेऊन आला. पाय कापले, तुकडे माह्यापुढं फेकले. चूल पेटव म्हणे. मी नवी नवरी होती. त्या दिवशी चूलच पेटवली नाई."

"अन् बाबा?"

"त्याच अंगणात, त्याच खुर्चीवर बसले. इथं आल्यावरबी मरेपर्यंत तिच्यावरच बसले. पोरांले सांगितलं नाई. मी म्हणो, जोडून घ्या. ते म्हणत, ज्या घरानं कापले, त्या घरानंच जोडून द्यावे."

"कोण होता तो?"

कमलाबाई नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. बोलणीच्या दिवशी त्यांनी तिच्या वडिलांकडे असेच पाहिले होते.

मयुरीने विचारले, "माहे आजोबा?"

"मी तुले सांगितलं नाई. सांगून करून घ्यायचं नव्हतं मले."

मयुरीने आरामशीनचे कोरे तुकडे बाजूला सारले. एक काळा तुकडा उचलून तिरप्या कापावर टेकवला. लाकडाची रेष रेषेला जुळली. पण तुकडा निसटून फरशीवर पडला. ती ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली.

कमलाबाईंनी तुकडा उचलून तिच्या हातात ठेवला. मग त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि उलट्या खुर्चीला त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"रडजो मंग. मी धरून राह्यली, तू जोड."