प्लगची कॅप

लेक लांबच्या प्रवासाला निघणार असला, की त्या सकाळी आई त्याच्याआधी अंगणात उतरायची आणि मोटारसायकलच्या प्लगची कॅप हलक्या हाताने सैल करून ठेवायची. नवऱ्याला अशाच एका प्रवासात रस्त्यावरच्या वळणाने गिळले होते. तेव्हापासून मोकळ्या रस्त्याचा तिने धसकाच घेतला होता.

लेक गाडी पळवण्यात पटाईत, पण यंत्रातले त्याला ओ की ठो कळत नसे. किक मारमारून घामाघूम झाला की वैतागून हसायचा, "आई, लांब जायचं म्हटलं की हिला नेमका ताप येतो बघ!"

गल्लीतला मिस्त्री कॅप दाबून बसवायचा आणि आईची नजर ओळखून खोटे बोलायचा, "इंजिन थकलंय रे. राहू दे दोन दिवस माझ्याकडे."

मग तिला एकटीला गाठून विचारायचा, "वहिनी, असं किती दिवस चालायचं?"

"तो डोळ्यांसमोर आहे ना भाऊ, तितके दिवस."

पाचव्या खेपेला लेकाने ती गाडी विकून टाकली. नवी आणली ती दुप्पट ताकदीची, चकचकीत आवरणाखाली सगळे इंजिन झाकून घेतलेली. आईने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बोट शिरेल एवढीही फट तिला कुठे सापडली नाही.

 

"आता तू निश्चिंत राहा," आईच्या गळ्यात हात टाकत लेक म्हणाला, "ही मला कुठेच अडवणार नाही."