टाचेचा खडू

वाळूत चालवायच्या लाल तीनचाकीवर बसलेल्या लेस्लीच्या दोन्ही बुटांच्या टाचांना बर्टाने सुताराचा निळा खडू घासून घासून लावला.

"चाळिशी उलटली माझी, आई," लेस्ली म्हणाली. "शाळेतल्या पोरीसारखी तपासणी कसली करतेस?"

"तू पडलीस मोटरसायकलवाली. तोल गेला की पाय टेकायची खोड तुम्हाला. या तीनचाकीवर पाय टेकलास, तर मागचं चाक तुझ्याच पायावर चढेल." बर्टाने आपली डावी पोटरी थोपटली. आतल्या लोखंडी सळीला अडतीस वर्षं झाली होती.

ओरेगॉनच्या त्या वाळूच्या डोंगरांवर नवख्याच्या टाचांना खडू लावायची रीत जुनीच. वर जाऊन निळ्या टाचा घेऊन खाली आला, तो खरा चालवणारा. आज मात्र गोष्ट नुसत्या शाबासकीची नव्हती. पलीकडे ग्लेन ट्रेलरची फळी खाली सोडून उभा होता. त्याला हे लाल मशीन आपल्या जुन्या गाड्यांच्या संग्रहात मांडायचं होतं. एक जरी टाच पुसली, तरी मशीन ग्लेनचं, असं बर्टाने सकाळीच सांगून टाकलं होतं. मशीनवर तिचा जीव होता, पण पोरीच्या पायापेक्षा जास्त नव्हता.

लेस्लीने दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकून पेटलं. पलीकडच्या चारचाकीवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आजीबाईंचं खेळणं निघालं रे!"

"खेळणंच आहे," बर्टा ओरडली. "तुमच्याच्याने खेळवणार नाही!"

फुगीर चाकं वाळू उडवत चढाला भिडली. मशीनच्या मागच्या काठीवरचा नारिंगी झेंडा सरसर वर निघाला. अर्ध्यावर लेस्ली डावीकडे वळली आणि उजवं चाक हवेत गेलं. मशीन डोंगराच्या उताराकडे कलंडू लागलं. शिट्ट्या थांबल्या. बर्टाची पोटरी आपोआप आखडली. अडतीस वर्षांपूर्वी तिचा स्वतःचा पाय इथेच, याच वळणावर खाली आला होता.

"अंग टाक! अंग टाक गं!" इंजिनच्या एवढ्या आवाजात ते वर पोचणार नव्हतंच.

लेस्लीने सीटवरून अख्खं अंग चढाच्या बाजूला झोकून दिलं, इतकं की केस वाळूला लागले. चाक धप्पकन खाली आलं. झेंडा माथ्यावर जाऊन फडफडला.

ती खाली आली, तेव्हा बर्टाने ना शाबासकी दिली, ना मिठी मारली. दुखऱ्या पायासकट ती वाळूत बसली आणि लेस्लीचे बूट एकेक करून उचलून पाहिले. उजवी टाच निळी. डावी टाचही निळी.

"ग्लेन," ती मागे न बघताच म्हणाली, "फळी उचल तुझी."

लेस्लीने खाली उतरून आईला हात देऊन उठवलं. बर्टा सरळ मशीनकडे गेली, लंगडतच सीटवर बसली आणि खिशातला खडू तिने लेकीपुढे धरला.

"आता माझ्या टाचांना लाव."

लेस्ली खडू घेऊन गुडघ्यांवर बसली.

"एक जरी पुसली ना, आई," ती म्हणाली, "तर ग्लेनला परत बोलावीन."