पोटॅशची दहा मिनिटं

ती धापा टाकत प्रयोगशाळेत परतली तेव्हा दहाच्या जागी चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

काचेच्या बशीत पोटॅशचं दाहक द्रावण अजून गरम होतं. त्या द्रावणात तिनं नर माशीच्या पोटाचं टोक ठेवलं होतं, राईच्या दाण्याहूनही लहान. दहा मिनिटांत आतलं मांस विरघळतं आणि कवच स्वच्छ होऊन उरतं. पण हा नर सापडला तेव्हा कोशातून नुकताच बाहेर पडला होता, त्याचं कवचही कोवळं. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नुसतं पाणी. बशी फिरवून पुन्हा पाहिलं. काहीच नव्हतं.

माशीची जात तिच्या तोंडावरून कळत नाही, नराच्या ढुंगणावरून कळते. या विद्येत लाजून चालत नाही. हा एवढा एकच नर सापडला होता, आणि ज्या झऱ्याकाठी सापडला तो झरा बुजवून तिथे आता गाड्या उभ्या राहत होत्या. नवी जात ठरली तर तिचा प्रबंध उभा राहणार होता, नाहीतर सहा वर्षं पाण्यात.

पोटॅश चालू असताना खुर्ची सोडायची नाही, हा इथला पहिला धडा. तिनं सोडली. समोरच्या इमारतीत तिचा धाकटा भाऊ अकरा मितींतल्या गुरुत्वाकर्षणाचं गणित करतो. बाता विश्वाच्या, पण एक चिन्ह उलटं पडलं की याचं ताईशिवाय पान हलत नाही. "ताई, दोन वर्षांचं सगळं चुकलंय. तू ये," एवढंच तो फोनवर म्हणाला. त्याला शांत करून ते चिन्ह शोधेपर्यंत अर्धा तास गेला. मग त्यानं एक रेघ खोडली आणि त्याचं विश्व जाग्यावर आलं. गणितवाल्यांचं बरं असतं.

दाराशी काठी वाजली. तिचे मार्गदर्शक सर आले होते. नव्या जातीचं चित्र सर स्वतःच्या हातानं काढत. फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून या नराचा फोटोही कुणी काढला नव्हता.

"झालं का तयार?"

तिनं मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे तिलाच कळलं नाही. सरांनी कागद लावला, पेन्सिल घेतली आणि ते वाकले. त्यांनी बशी पुढे-मागे केली. मग चष्मा पुसला.

"उजेड वाढव जरा."

तिनं वाढवला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"मला काहीच दिसत नाही गं," ते अगदी हळू म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या डोळ्यामागून उजवाही जाणार. इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "तू काढ. मी सही करतो."

तो आकार तिला पाठ होता. परवाच तिनं याच नराचं टोक, कोरडं असताना, भिंगाखाली पाहिलं होतं: दोन आकडे, एक दुसऱ्यावर वाकलेला. पाच मिनिटांचं काम. कुणी कधी विचारलंही नसतं. तिनं पेन्सिल उचलली.

सर टेबलाची कड चाचपत उठायला लागले. आत येताना ते असे चाचपत नव्हते.

"सर, बसा," ती म्हणाली. "बशीत काही नाहीये. मी खुर्ची सोडून गेले होते, चाळीस मिनिटं. सगळं विरघळलं."

सर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते परत खुर्चीत बसले, सूक्ष्मदर्शकावर वाकले. त्यांनी भिंग जुळवणारी खिटी हळूहळू फिरवली.

"बशीच्या तळाला एक चरा दिसतोय," ते म्हणाले. "बारीक. टोकाशी डावीकडे वळलेला. आहे ना?"

ते बाजूला सरकले. तिला आधी डोळे पुसावे लागले.

"आहे, सर."