शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त

"लंडनच्या सरकारने आपला गळा घोटला," असं म्हणून अध्यक्ष क्लिफर्ड ब्रॅडॉकनी रुमाल डोळ्यांना लावला. सभागृहात टाळ्या पडल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्या विनिफ्रेड ऑस्टलरची लेखणी मात्र जागीच थांबली.

एल्मशॉ नगर परिषदेची ही शेवटची बैठक. सोमवारपासून, म्हणजे एक एप्रिल १९७४ पासून, एल्मशॉ शेजारच्या शहरात विलीन होणार होतं. वाचनालय, पोहण्याचा तलाव, कचरागाड्यांवरचं नावसुद्धा शहराचं होणार.

विलीनीकरणाविरुद्ध सह्या गोळा करायला विनिफ्रेड तीन वर्षांपूर्वी अख्खा हिवाळा, काम सुटल्यावर, दारोदार हिंडली होती. सहा हजार सह्या जमल्या. "मी स्वतः लंडनला नेऊन देतो," ब्रॅडॉक म्हणाले होते.

आज दुपारी त्यांचं कपाट रिकामं करताना तिला ते गठ्ठे सापडले. दोरीला तिनेच मारलेली गाठ कुणी सोडलीही नव्हती. शेजारी एका पत्राची नक्कल होती. शहराच्या महापौरांना लिहिलेलं. एल्मशॉ विरोध करणार नाही. त्या बदल्यात नव्या नियोजन समितीचं अध्यक्षपद माझ्यासाठी राखून ठेवावं. खाली ब्रॅडॉकची सही.

सत्तावीस वर्षांत विनिफ्रेड बैठकीत एक शब्द बोलली नव्हती. आता ती उठली आणि तिने ते पत्र तारखेपासून सहीपर्यंत वाचून दाखवलं. तिचा आवाज रागाने चिरकत होता, तरी तिने एकही ओळ गाळली नाही.

"क्लिफर्ड, खरंय हे?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

ब्रॅडॉक लालबुंद झाले. "बाई, खाली बसा. तुम्हाला इथे बोलायचा अधिकार नाही."

"माहितेय मला." ती बसली आणि भराभर लिहू लागली.

"काय लिहिताय?"

"जे झालं ते. पत्रासकट."

"खोडा ते. आत्ताच्या आत्ता."

"लिहिलेलं खोडता येत नाही, साहेब. दुरुस्ती करायची तर पुढच्या बैठकीत ठराव मांडावा लागतो. नियम तुम्हीच केलाय."

"मग पुढच्या बैठकीत मी…" आणि ब्रॅडॉक गप्प झाले.

विनिफ्रेडने तेवढं अर्धं वाक्यही लिहून घेतलं.