दोन फूट रेघ, एक फूट जागा

बोरगाव मेघेतल्या प्लॉटवर काजल पोचली तेव्हा सुलोचनाबाईंच्या अर्ध्या बांधलेल्या घरापुढे विटांचे सात तुकडे ओळीनं उभे होते. प्रत्येक तुकडा दोन फूट लांब, गुडघ्याएवढा उंच, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एक फूट मोकळं. नकाशा काजलनंच काढला होता आणि असलं काही त्यात नव्हतंच.

"काका, हे काय बांधून ठेवलं?"

कवडू मिस्त्रींनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढून विटांच्या थप्पीवर पसरला. "हे पाहा. तुटक रेघ. फुटपट्टी लावून मोजली मी. रेघ दोन फूट, मंग एक फूट जागा, मंग पुन्हा रेघ. एका सुताचा फरक सापडला तर मिशी काढून देतो."

फरक नव्हताच. रडावं की हसावं, काजलला कळेना.

ती रेघ छज्ज्याची होती. छज्जा डोक्यावर असतो, जमिनीवर नाही, म्हणून नकाशात तो तुटक रेघेनं दाखवायचा, हे कोणीही पहिल्या आठवड्यात शिकतं. पण कॉम्प्युटरवर ती रेघ काही केल्या तुटेना. काजलनं रेघेचा प्रकार तीनदा बदलला, पडद्यावर आपली सलगच्या सलग. मग तिनं तुकड्यांचं माप वाढवलं, आणखी वाढवलं, आणि एकदाची रेघ ठसठशीत तुटली तेव्हा बाईसाहेब इतक्या खूश झाल्या की शेजारी 'वरचा छज्जा' एवढे दोन शब्द लिहायचेच राहिले. प्रिंट काढून मोकळ्या.

हे तिनं एकटीनं काढलेलं पहिलं घर. इंजिनीअर साकेतसर म्हणाले होते, हे नीट उभं राहिलं तर पुढचं घरही तुझं, नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका सुधारत बसायचं. आणि सर दहा मिनिटांत इथे पोचणार होते.

"पण काका, उंची कुठून आणली तुम्ही?"

"कागदावर नव्हती. बाईले विचारलं."

"मीच म्हटलं गुडघ्याएवढी ठेवा, बसाले बरं," मागून सुलोचनाबाई म्हणाल्या. रविवारची वंदना आटोपून त्या विहारातून आल्या होत्या, आणि एकट्या आल्या नव्हत्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या पाच जणी त्यांच्याबरोबर होत्या.

"जय भीम, काकू," काजल कसंबसं म्हणाली. "हे तोडा लागन. माही चूक झाली."

"तोडते कोन?" सुलोचनाबाई मधल्या तुकड्यावर बसल्या. बाकीच्यांना सांगावंच लागलं नाही. एकेकीनं एकेक तुकडा धरला, पाय लांब केले, मधल्या जागेत पिशव्या ठेवल्या. सातव्या तुकड्यावर चहाचा थर्मास बसला. "इतकी वर्षं झाली, विहारातून आलं का आमी रस्त्यात उभ्या-उभ्याच बोलतो. कोनाची कंबर दुखते, कोनाचे पाय. मानसाईले पानठेला हाय. आमाले काय हाय?"

तेवढ्यात साकेतसरांची स्कूटर आली. त्यांनी हेल्मेट काढलं, बसलेल्या सहा बायका पाहिल्या, मग काजलकडे पाहिलं.

"हे ड्रॉइंगमध्ये आहे?"

"हाय ना, साहेब," मिस्त्री छाती काढून म्हणाले.

"नाही, सर." काजल म्हणाली. "ती छज्ज्याची रेघ आहे. मी लिहायचं विसरले. काकांनी कागदावर होतं तसंच बांधलं."

ओळीच्या टोकाशी वाकून, एक डोळा मिटून सरांनी सगळी ओळ पाहिली. मग वर पाहिलं, छज्जा यायचा होता तिथे.

"पावसाळ्यात छज्ज्याचं सगळं पाणी यांच्या डोक्यावर पडेल," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी पदर सावरला, पण उठल्या नाहीत.

"छज्जा दीड फूट पुढे घे, काजल. संध्याकाळपर्यंत नकाशात बदल करून दे. आणि या खेपेला शेजारी लिही."

काजलला एवढा आनंद झाला की तिथल्या तिथे एक गिरकी घ्यावीशी वाटली. वाळूचा ढीग आडवा आला म्हणून राहिली.

"म्हंजे पुढं आनखी एक तुटक रेघ येईन," कवडू मिस्त्री हिशेब लावत म्हणाले. "तिच्यावर बी बांधू काय?"

"नाई!" काजल ओरडली. बायका खो-खो हसल्या, सरांनाही हसू आवरेना. मिस्त्रींना मात्र आपण काय वाईट विचारलं ते कळलं नाही.

टोकाला बसलेल्या नंदिनीबाईंचा प्लॉट समोरच होता, रिकामा. त्या हसता हसता थांबल्या आणि जागेवरूनच म्हणाल्या, "साहेब, आमच्या घराचा नकाशा याच पोरीले काढू द्या. आमालेबी असंच पायजे, तुटक-तुटक."

"मग तिच्याशीच बोला," सर म्हणाले आणि घर पाहायला आत निघून गेले.

"बोल वो बेटी," नंदिनीबाईंनी विचारलं, "आमच्याकडं किती रेघा बसतीन?"

काजलनं पर्समधला टेप काढला, समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे पाहिलं आणि टेप तसाच मिटलेला ठेवला.

"ते मंग पाहू, काकू. आधी सांगा, संध्याकाळी तुमच्याकडं बसाले किती जणी येतीन?"