हिरवी गोळी

रूपाबाईनं पाट्यावरचं हिरवं वाटण बोटानं गोळा केलं, त्यात बोराएवढा गूळ चुरला, तुपाचा हात लावला आणि दोन गोळ्या वळल्या. वैद्याच्या गोळ्या काळपट असायच्या. म्हणून तिनं तव्याच्या बुडाची चिमूटभर काजळी चोळली. मग पाटा दोनदा धुतला.

अंगणात तिचा नवरा नेमसिंग बैलाला पाणी पाजत होता. बैल एकच होता. दुसऱ्या खुंट्याचं दावं रिकामं पडलं होतं.

पोळा झाला आणि त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गांजा सोडला. पंधराव्या वर्षापासून जवळ असलेली चिलीम पूर्णा नदीच्या पाण्यात फेकून दिली. तीन दिवस झोप नाही, अन्न नाही, अंगाला नुसता घाम. चौथ्या दिवशी बैल बांधताना शेपटीचा गोंडा त्याच्या तोंडावर लागला, आणि त्यानं पहार उचलली. बैल खाली पडल्यावरही तो थांबला नाही. मग वळून त्यानं रूपाबाईकडं बघितलं. पहार हातातच होती, आणि समोर कोण उभं आहे हे त्याला कळत नव्हतं. फुलसिंगनं, त्याच्या धाकट्या भावानं, मागून मिठी मारली म्हणून ती वाचली.

जवळा बाजारच्या ग्यानबा वैद्यानं सगळं ऐकून घेतलं.

"एकदम सोडलं की डोस्कं फिरतंय, बाई. हिंगोली आत्ता कुठं जिल्हा झाला, असल्या दुखण्याचा डाक्टर यायला अजून धा वर्षं. मी त्याच झाडाच्या पानाची गोळी देतो. भांगच हाय, पण मापात. आधी दोन येळ, मग एक येळ, मग दिसाआड, मग बंद. डबी तुझ्याजवळ ठेव."

गोळ्यांनी काम केलं. नेमसिंग झोपू लागला, भाकरी मागून घेऊ लागला, हातांची थरथर गेली. दिसाआडची पाळी आली तेव्हा तर तो ताडताड चालायचा, मोठ्यानं बोलायचा. तांड्यातली माणसं म्हणायची, नेमसिंग माणसात आला. तो मोठ्यानं बोलला की रूपाबाईच्या हातातून भांडं निसटायचं. गोळीच्या दिवशी मात्र तो भिंतीला टेकून डोळे अर्धे मिटून बसे, आणि तिला त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापता येई.

डबी संपली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. फुलसिंगच्या तुरीत मधोमध गांजाची तीन झाडं लपवलेली होती, हे तिला ठाऊक होतं.

"दिपाच्या बा, गोळी." तिनं तळहात पुढं केला.

नेमसिंग धोतराला हात पुसत आला. गोळी त्यानं घेतली नाही.

"रविवारी पाव्हणे येऊन राहिले दिपाला बघायला," तो म्हणाला. "मला ताठ बसायचं हाय त्यांच्यासमोर. डोळे उघडे पायजेत."

"वैद्यानं सांगितलंय, घ्यावीच लागंल."

"कवा सांगितलं?"

"मागल्या बाजारी."

"काल बाजारात मला भेटला की वैद्य." नेमसिंग तिच्या तळहाताकडं बघत होता. "पाठ थोपटली माझी. म्हणला, शाब्बास, धा दिस झाले, गोळी बंद हाय तुझी."

दिपा पाण्याला गेली होती. शेजारची जिवनबाई कापूस वेचायला. या वेळी हाक मारली तर ओ द्यायला तांड्यात कुणी नव्हतं.

"मंग हे काय चारून राहिलीस मला?" त्याचा आवाज चढला नव्हता. तिला तो चढलेला परवडला असता.

"पानं हायत. फुलसिंगच्या तुरीतली."

"काहून?"

 तो एक पाऊल पुढं आला. तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले, गोळी मातीत पडली. ती भिंतीला घासत खाली बसली, अंग आवळून घेतलं आणि वाट बघू लागली.

काहीच लागलं नाही. किती वेळ गेला तिला कळलं नाही. बैलानं पाणी पिणं संपवलं, शिंग घासलं, पुन्हा सगळं थांबलं.

"मी आता बराबर झालो, रूपे," तो वरून म्हणाला. "तुला दिसून न्हाई राहिलं?"

"दिसतंय. तुमी झालाव," ती हातांच्या आडून म्हणाली. "मी न्हाई झाले."

नेमसिंग उभाच राहिला. त्याची सावली तिच्या पायांवर पडली होती. मग तो हळूहळू खाली बसला. एवढ्यानंही तिचे खांदे वर गेले. ते त्यानं बघितलं. हात लांब करून त्यानं मातीतली गोळी उचलली, धोतरावर पुसली, बोटात धरून उजेडात फिरवली. काजळीखालचा हिरवा रंग दिसत होता. त्यानं ती तोंडात टाकली आणि न चावता गिळली. नरड्याची घाटी वर-खाली झाली.

"रविवारी बी देशील," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पाणी दे."

रूपाबाई उठली. तिनं रांजणातून तांब्या भरला. त्याचा हात पुढं आलेला होता. तिनं तांब्या त्या हातात दिला नाही. दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला, आणि दोन पावलं मागं सरली.